कोरा रकाना आणि हरवलेलं गाव

(दृश्य: वाचनालयातलं टेबल, नव्या पुस्तकांची चळत, पडद्यावर नोंदणीचा फॉर्म)

पुस्तकाचं नाव, लेखक, किंमत, दाखल क्रमांक, सगळं भरून झालं. ‘देणगीदार’ हा रकाना तेवढा सोडून दिला, कारण पुस्तक विकत घेतलेलं आहे. पुढच्या नोंदीकडे जायला बटण दाबलं आणि मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्रामने अडवलं: ‘देणगीदार’ टेबलात, म्हणजे देणगीदारांच्या तक्त्यात, संबंधित रेकॉर्ड हवं, त्याशिवाय ही नोंद होणार नाही.

विकतच्या पुस्तकाला देणगीदार आणायचा कुठून? मग दोनदा एस्केप. पहिल्याने रकान्यातला बदल जातो, दुसऱ्याने अख्खी नोंद. पुन्हा सगळं टाइप करायचं, पुन्हा तोच मेसेज. शेवटी वैतागून कुणीतरी ‘माहीत नाही’ नावाचा देणगीदारच तयार करतं, आणि वर्षअखेरीच्या यादीत तोच सगळ्यांत दानशूर निघतो.

मेसेज खोटा नाही. ॲक्सेसमध्ये टेबलाला नंबर प्रकारचं फील्ड जोडलं की डिफॉल्ट व्हॅल्यूच्या, म्हणजे आधीच भरलेल्या मूल्याच्या, जागी बऱ्याचदा आपोआप शून्य बसलेलं असतं. फॉर्मवरचा ड्रॉपडाउन देणगीदाराचं नाव दाखवतो, पण साठवतो त्याचा क्रमांक. शून्य क्रमांकाचा देणगीदारच नाही, म्हणून नाव उमटत नाही आणि रकाना कोरा दिसतो. टेबलाकडे मात्र शून्य जातं आणि टेबल त्या क्रमांकाचा माणूस शोधत बसतं. रकाना खरोखर रिकामा, म्हणजे नल, असता तर कुणाची हरकत नव्हती.

(दृश्य: टेबलाचा डिझाइन व्ह्यू, डिफॉल्ट व्हॅल्यूवर कर्सर)

इथलं शून्य पुसलं, टेबल सेव्ह केलं, काम झालं.

आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली माहिती टेबलांत ठेवण्याचं रिलेशनल मॉडेल मांडलं. त्या विचारावर उभ्या राहिलेल्या डेटाबेसमध्ये टेबलांची आपसातली नाती सांभाळणं हे डेटाबेसचंच काम, फॉर्म ही नुसती पुढची खिडकी. म्हणून मेसेजात टेबलाचं नाव येतं, तुमच्या फॉर्मवरच्या लेबलाचं नाही. शिवाय तक्रार येते ती नोंद सेव्ह होताना. मुख्य फॉर्ममधून त्याच्या आत बसवलेल्या सबफॉर्ममध्ये क्लिक केलं की ॲक्सेस आधी मुख्य नोंद सेव्ह करायला जातं. चूक वरच्या रकान्यात, मेसेज खाली क्लिक केल्यावर, आणि बिचाऱ्या सबफॉर्मची विनाकारण तपासणी.

आता खास आपल्या लिपीतला घोळ.

(दृश्य: पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर चालणारा अर्जनोंदणीचा फॉर्म)

गाव: गोऱ्हे. सेव्ह केल्यावर उत्तर येतं की फॉरेन कीचा, म्हणजे दुसऱ्या टेबलाशी जोडणाऱ्या नियमाचा, भंग झाला, ‘गोऱ्हे’ गावांच्या टेबलात नाही. टेबल उघडून पाहावं तर तिथे गोऱ्हे ठसठशीत दिसतंय. काना, मात्रा, कशातच फरक नाही. अशा वेळी डोळ्यांवर विसंबू नये, लेंग्थ, म्हणजे साठवलेल्या चिन्हांची संख्या, मोजावी. टेबलातल्या गोऱ्हेची लांबी ६ भरते, फॉर्ममधल्याची ७.

हा फरक त्या अर्ध्या र-चा. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून ‘J’ ही कळ दाबली की नुक्त्याचा ऱ येतो, त्याला हलन्त जोडला की अक्षर तयार. दुसरी रीत साध्या र-ला हलन्त आणि पुढे झिरो विड्थ जॉइनर जोडण्याची. हा जॉइनर पडद्यावर दिसत नाही, पण मोजणीत धरला जातो. पोस्टग्रेस एरवी बाइट जुळवून पाहतं, त्यामुळे त्याच्या लेखी ही दोन वेगळी गावं. युनिकोडचं नॉर्मलायझेशनही, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं, इथे कामाला येत नाही, कारण त्याच्या नियमांत ही दोन रूपं समान धरलेलीच नाहीत.

गावाचं नाव टाइप करू द्यायचंच नाही, यादीतून निवडायला लावायचं आणि गावाचा कोड साठवायचा, हे उत्तम. आधी भरलेल्या माहितीसाठी एक रूप ठरवून रिप्लेस चालवावं लागेल, आणि ते गावांवर थांबवून चालणार नाही. वऱ्हाडे, कुऱ्हाडे, बऱ्हाटे ही आडनावं त्याच माळेतली. एकाच माणसाचं आडनाव दोन ऑपरेटरांनी दोन रीतींनी भरलं, तर दुहेरी नोंद अडवणारा युनिक इंडेक्स दोन्ही नोंदी खुशाल आत घेतो. तिथे तर एररही येत नाही.