एकदाचं काय ते कळू दे

मंडळी, ज्या घरात कसली तरी मोठी वाट पाहणं चालू असतं, तिथे एक वाक्य हमखास ऐकू येतं. "चांगलं असो, वाईट असो, एकदाचं काय ते कळू दे!" अवयवदानाच्या यादीत नाव लावलेलं घर असेल, दत्तक मुलासाठी अर्ज करून बसलेलं जोडपं असेल, व्हिसापायी दोन देशांत वाटलं गेलेलं कुटुंब असेल, नाहीतर घरातून निघून गेलेल्या माणसाचा माग काढणारे आईवडील असतील. वाक्य तेच. आणि बोलून झाल्यावर बोलणारा मनातून खजील होतो. आपला विश्वास उडाला की काय, असं त्याला वाटतं.

त्याला आधी मोकळं करू या. 2016 साली युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी 45 जणांना संगणकावर एक खेळ खेळायला लावला. दगडाखाली साप आहे की नाही ते ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा झटका, सौम्य पण दुखेल असा. घाम किती आला, डोळ्यांच्या बाहुल्या किती रुंदावल्या यावरून ताण मोजला. झटका नक्की बसणार हे माहीत असताना ताण सर्वांत जास्त नव्हता. तो होता शक्यता निम्मी-निम्मी असताना. म्हणजे "काय ते कळू दे" ही शरीराची मागणी आहे. तिच्यावरून कुणाच्या श्रद्धेचं माप काढू नये.

मग श्रद्धा म्हणायचं कशाला? इथे मी तुम्हाला थोडं लांब नेणार आहे. ध्रुवप्रदेशांच्या मोहिमा काढणाऱ्या अर्नेस्ट शॅकल्टनचं 'एन्ड्युरन्स' हे जहाज अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलं आणि 1915 मध्ये बुडालं. माणसं कशीबशी एलिफंट नावाच्या ओसाड बेटावर पोचली. 24 एप्रिल 1916 रोजी शॅकल्टन पाच साथीदारांना घेऊन एका छोट्या होडीतून मदत आणायला निघाला. मागे 22 जण उरले. होडी पोचली की बुडाली, हे त्यांना कळायला काहीच मार्ग नव्हता. उरलेल्या दोन होड्या त्यांनी उपड्या घातल्या आणि त्यांच्याखाली बिऱ्हाड थाटलं. एकाच्या पायाची बोटं हिमदंशाने गेली होती, ती तिथेच कापावी लागली. या सगळ्यांचा म्होरक्या होता फ्रँक वाइल्ड. तो रोज सकाळी सांगायचा, अंथरुणं गुंडाळून ठेवा, साहेब कदाचित आज येतील. साहेब यायचे नाहीत. रात्री तीच अंथरुणं पुन्हा उलगडली जायची. असे चार महिने गेले. 30 ऑगस्टला दुपारी जेवणं चालू असताना जहाज दिसलं आणि तासाभरात 22 च्या 22 जण त्यावर चढले होते.

या हकिगतीत मला ते 'कदाचित' फार मोलाचं वाटतं. वाइल्डने तारीख दिली नाही. आपण घरात काय करतो? "या महिन्यात होणार बघ", "सणापर्यंत नक्की". बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण तारीख उलटली की एक वेगळंच सुतक येतं, आणि अशा दोनचार तारखा उलटल्या की घरातली मुलं आपल्या बोलण्यावर विश्वास ठेवणं सोडतात. देवावरचा विश्वास तर पुढची गोष्ट. रात्री अंथरूण उलगडताना हरल्यासारखं वाटू नये, एवढंच सकाळी बोलावं.

याच हकिगतीची दुसरी बाजूही सांगायला हवी. बेटावरचा ऑर्ड-लीज नावाचा गडी सतत साठ्याची काळजी करायचा. खाणं जास्त साठवायला हवं, असं त्याचं म्हणणं. ते इतरांना अपशकुनासारखं वाटे आणि त्याचं कुणाशी फारसं जमत नसे. पण मला विचाराल तर प्रत्येक घराला एक ऑर्ड-लीज लागतो. "नाहीच झालं तर?" हा प्रश्न विचारणारं माणूस अश्रद्ध नसतं, ते आपल्या परीने घर सांभाळत असतं. एकजण कागदपत्रांची फाईल पन्नासदा लावतो, दुसरा तो विषयच काढू देत नाही, तिसरी रात्री उठून फोन तपासते. तिघंही वाटच बघताहेत. भांडण होतं ते "तुला काही वाटतच नाही" या वाक्यावरून. ते वाक्य मात्र गिळावं.

एका घरातलं दृश्य सांगतो. सगळे जेवायला बसलेत. फोन थरथरतो, अनोळखी नंबर. चौघांचे हात जागच्या जागी थांबतात. आई फोन उचलते, "हॅलो" म्हणते, ऐकते आणि मग शांतपणे सांगते, "नाही, आम्हाला क्रेडिट कार्ड नको." पहिल्यांदा धाकटी हसते, मग सगळेच. त्या हसण्यात जे होतं, त्याला मी कृतज्ञता म्हणतो. आपण चौघं एकाच गोष्टीला घाबरलो आणि एकत्रच सुटलो, ही जाणीव.

कृतज्ञतेचा आग्रह मात्र धरू नये. "लोकांचं बघ, किती वाईट चाललंय" ही तुलना झाली, आणि तीही दुसऱ्याच्या दुःखावर उभी. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या मानसशास्त्रज्ञांनी 2003 साली प्रसिद्ध केलेले कृतज्ञतेच्या नोंदींचे प्रयोग पुष्कळांना ऐकून माहीत असतात. त्यातल्या एका प्रयोगात स्नायू-मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण होते. त्यांनी 21 दिवस रोज अशा नोंदी केल्या आणि त्यांची मनःस्थिती व झोप काहीशी सुधारली. काहीशी, चमत्कार नाही. म्हणून घरात हे करायचंच असेल तर ठोस बोला. "सगळं चांगलं आहे" याला काही अर्थ नाही. "आज ताईने माझ्याऐवजी रांगेत उभं राहून मला झोपू दिलं", याला आहे. आणि मुलगा म्हणाला, "आज माझ्याकडे काही नाही", तर तेही चालू द्या. नाहीतर त्या कृतज्ञतेची नुसती हजेरी होते.

पॉलीन बॉस या अमेरिकन अभ्यासक बाईंनी 1970 च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांबरोबर काम केलं. नवरा मेला असं म्हणता येत नाही, आहे असंही म्हणता येत नाही. बॉसबाईंचं सांगणं असं की, अशा वेळी दोन्ही गोष्टी एकदम बाळगायला शिकावं लागतं: तो बहुधा येणार नाही आणि कदाचित येईलही. राग आहे आणि आभारही आहेत. देवाशी भांडायची मुभा तर आपल्या संतांनी आपल्याला केव्हाच देऊन ठेवली आहे. भांडणारा माणूस निदान त्याच्याशी बोलत तरी असतो.

आता दोन व्यवहाराच्या गोष्टी. नातेवाइकांना बातमी द्यायचं काम घरातल्या एकाकडेच सोपवा. "काही कळलं का?" याचं उत्तर दिवसातून सात वेळा देताना माणूस झिजतो, प्रेमाने विचारलं तरी झिजतो. आणि "हे झालं की मग करू" अशा ढकललेल्या कामांची एक यादी काढा. ती आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच लांब निघते. मुलाचा वाढदिवस, थोरल्या बहिणीकडे जाणं, आजोबांचा चष्मा, किडलेला दात. बाकीच्यांचं तुम्ही आपसात ठरवा, पण दाताची वेळ उद्याच घ्या.