कोळंबी म्हणजे मटण नव्हे

मंडळी, विषय जाहीर झालाय 'घरची कोळंबी नीट कशी शिजवावी'. पण आधी एक तक्रार. आपण कोल्हापूरकर मटणातले दर्दी. कोळंबी मात्र आंबा घाटातून नाहीतर करूळ घाटातून, बर्फात बसून, पाहुणी म्हणून येते, आणि तिला आपण बकऱ्याचीच वागणूक देतो!

आमच्या घरचंच सांगतो. रविवारी वडील पिशवीभर कोळंबी आणायचे. आई ती कांदा-लसूण चटणीत परतून रश्श्यात सोडायची, झाकण ठेवायची आणि म्हणायची, "मुरू दे जरा." अर्धा तास! रस्सा असा, की भाकरी कमी पडावी. कोळंबी मात्र चिवट. आम्हाला वाटायचं, कोळंबी अशीच असते.

मग एका वर्षी मालवणात दिलेली आत्या भाऊबीजेला आली. दुसऱ्या दिवशी कोळंबी आली, तशी तिनं ओट्याचा ताबा घेतला. पाठीतला काळा दोरा सुईच्या टोकानं अलगद ओढून काढला. तो दोरा म्हणजे कोळंबीचं आतडं. कोळंबीला मीठ-हळद लावून बाजूला ठेवली. रस्सा आधी पुरता उकळला, आमसूल पडलं, चव बघून झाली. आई म्हणाली, "अहो वन्सं, कोळंबी घालायची राहिली." आत्या म्हणाली, "ती शेवटी." कोळंबी सोडली आणि ही गॅससमोरून हलेना. थोड्या वेळानं डावातून एक उचलून आईसमोर धरली. "वहिनी, हिची पाठ बघा. विळ्यासारखी वाकली की झाली. अंगठीसारखी वळून बसली की गेली." आणि गॅस बंद.

जेवताना आईनं पहिला घास घेतला आणि थांबली. इतकी वर्षं आपण पोरांना काय वाढलं, हे तिला त्या घासात कळलं. तिचा तो चेहरा मी विसरलेलो नाही. आज इथं उभा आहे तो त्यासाठीच.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत. आता भरभर सांगतो.

मटणात कोलॅजन नावाचं चिवट प्रथिन असतं, ते मंद आचेवर तासाभरानं विरघळतं, म्हणून मटण जितकं शिजेल तितकं मऊ. कोळंबीत ते फार थोडं. तिची प्रथिनं लगेच आवळतात आणि पाणी पिळून बाहेर टाकतात. मध्यम आकाराच्या कोळंबीला उकळत्या रश्श्यात दोन ते तीन मिनिटं पुरतात. रंगावर विसंबू नका. कच्च्या कोळंबीतलं अ‍ॅस्टाझँथिन नावाचं रंगद्रव्य प्रथिनाला बांधलेलं असतं, आच लागली की ते सुटतं आणि गुलाबी दिसतं. पण आतला भाग तेव्हा काचेसारखा असू शकतो. एक मोडून बघा, मधोमध पांढरी झाली की बास. कढई जाड असेल तर गॅस बंद केल्यावरही ती शिजत राहते, म्हणून लगेच वाढा.

गोठवलेली असेल तर फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा. घाई असेल तर पिशवी घट्ट बांधून गार पाण्यात. गरम पाण्यात कधीही नको.

आणि डोकी-सालं फेकू नका, हात जोडून सांगतो! तेलावर लाल होईस्तोवर परता, पाणी घालून वीस मिनिटं उकळा, गाळून घ्या. तुमचा रस्सा त्या पाण्यात करा, मसाला निम्मा लागेल. घंटा झाली, थांबतो. कुणाला आमसुलाचं प्रमाण हवं असेल तर खाली दारापाशी भेटा.