कॅलेंडरवरची लाल टिंबं

नमस्कार. आज छातीच्या, म्हणजे स्तनांच्या दुखण्याविषयी बोलायचंय. स्वयंपाकघरात असाल तर रेडिओचा आवाज कमी करू नका, घरातल्यांनाही ऐकू द्या.

नागपूरच्या महाल भागातल्या एक काकू मे महिन्यात माझ्याकडे आल्या. खुर्चीवर बसल्या आणि रडायलाच लागल्या. दीड महिन्यापासून उजवी छाती दुखत होती. कॅन्सरच असणार, असं धरून दागिने कुठल्या डब्यात आहेत ते लेकीला सांगून ठेवलं होतं. दुखतंय हे मात्र कुणालाच सांगितलं नव्हतं!

तपासलं. गाठ नव्हती. कुशीवर वळवलं, म्हणजे स्तन बाजूला सरकतो, आणि खालच्या बरगडीवर बोट दाबलं. ‘‘हेच! हेच दुखते!’’ चाळिशी उलटलेली, म्हणून मॅमोग्राफीही, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, केली. तीही स्वच्छ. म्हटलं, काकू, दुखेल त्या दिवशी कॅलेंडरवर लाल टिंब काढा.

जुलैत त्या कॅलेंडरच गुंडाळून घेऊन आल्या. चौकटीत दुधाचा हिशेब, दीड लिटर, एक लिटर, आणि शेजारी लाल टिंबं. पाळीच्या तारखांशी मेळ नाही. पाऊस लागला तशी टिंबं विरळ झाली, मग संपलीच. विचारलं, पाऊस लागल्यावर घरात काय बंद झालं?

‘‘कूलर!’’

रोज संध्याकाळी स्टुलावर चढून, बादल्या उचलून, खिडकीतला कूलर त्या एकट्या भरायच्या. बरगडीजवळचे स्नायू दुखावले होते. घरात दोन तरणे मुलगे! कूलर भरणं हे बाईचं काम कुणी ठरवलं? नागपूरच्या प्रत्येक घरात मुलांनी हे काम उचलावं, असं मला मनापासून वाटतं.

तर, नुसतं दुखणं म्हणजे कॅन्सर, असं क्वचितच असतं. पुन्हा सांगते, क्वचितच. उलट कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, म्हणून न दुखणारी गाठही दाखवायचीच. पाळीआधी दोन्ही बाजू जड होऊन दुखतात आणि पाळी आली की उतरतं, ते हार्मोन्सचं. दोन-तीन महिने टिंबं काढा. नीट मापाची ब्रा घाला. इतवारीच्या बाजारात साडीला तासभर देतो, मापाला पाच मिनिटं द्या. फारच दुखलं तर पॅरासिटामॉल.

पण गाठ लागली, बोंडातून रक्त आलं, बोंड आत ओढलं गेलं, कातडीला खळी पडली, एकाच जागी दुखत राहिलं, तर थांबू नका. अंगावर पाजणारीला ताप आणि छातीला लाली आली तर त्याच दिवशी दाखवा. आपल्या नागपुरात मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आहेत. आणि छातीवर दाब, घाम, दम, असं एकदम झालं तर ते हृदयाचं असू शकतं. तेव्हा टिंब नाही, 108 ला फोन, रुग्णवाहिका बोलवा.