सोफिया बार्नमध्येच होती

तर मंडळी, आधीच सांगून ठेवतो, ज्यांना 'द वॉकिंग डेड' ही झॉम्बींची अमेरिकन सिरियल अजून बघायचीय त्यांनी खुशाल बाहेर जाऊन चहा घ्या, कारण मी शेवट फोडणार आहे, आणि तो फोडल्याशिवाय या एपिसोडवर बोलताच येत नाही. दुसऱ्या सीझनचा सातवा एपिसोड, 'प्रिटी मच डेड ऑलरेडी', २७ नोव्हेंबर २०११ ला एएमसी या अमेरिकन चॅनलवर लागला. लिहिला स्कॉट गिंपलने आणि डिरेक्ट केला मिशेल मॅक्लारेनने, 'ब्रेकिंग बॅड'चे एपिसोड करणारी तीच.

मागचं थोडक्यात. जॉर्जियातला हायवे, बंद पडलेल्या गाड्यांची रांग, वॉकरचा मोठा घोळका येतो (या सिरियलमध्ये झॉम्बी म्हणत नाहीत, वॉकर म्हणतात), आणि वाचलेल्या टोळीतल्या कॅरोलची पोरगी सोफिया घाबरून जंगलात पळते. टोळीचा म्होरक्या रिक तिच्यामागे धावतो, ओढ्याकाठी लपवतो, वॉकरना दुसरीकडे नेतो, परत येतो तर पोरगी गायब. हे या सीझनच्या पहिल्या एपिसोडमध्ये, मग तिथून पुढे नुसती शोधाशोध. कधी बाहुली सापडते, कधी नुसतीच पायपीट. तेव्हा लोक जाम वैतागले होते, एक पोरगी शोधायला अर्धा सीझन लावतात का म्हणून, आणि खरं सांगतो मी पण वैतागलो होतो, चौथ्या एपिसोडनंतर दोन महिने बघितलीच नाही. आता वाटतं तो कंटाळा मुद्दाम होता. शोधणाऱ्यांसारखे आपणही थकलो, मनातल्या मनात 'गेली असेल, सोडा आता' म्हणायला लागलो, आणि नेमकं तेव्हा त्यांनी ती समोर आणली.

पण त्याआधी हर्शल. म्हातारा शेतकरी, जनावरांचा डॉक्टर, देवभोळा, रिकची टोळी सध्या त्याच्याच शेतावर उतरलीय. त्याच्या शेतावर बार्न आहे, म्हणजे आपला गोठा आणि पेंढ्याची खोली एकत्र धरा, फक्त दुमजली. त्यात त्याने वॉकर कोंडलेत. स्वतःची बायको, सावत्र मुलगा, शेजारीपाजारी. सहाव्या एपिसोडची सुरुवात आठवा, शेतावरचीच पॅट्रिशिया पोत्यातून कोंबडी काढते, तिचे पाय कडकन मोडते आणि वरून आत टाकते, पाय मोडायचे कारण खाली पडलेली कोंबडी पळायला नको. एवढ्या निगुतीने चाललेलं काम आहे ते! हर्शलच्या लेखी हे लोक आजारी आहेत, आणि आजारी माणसाला कुणी गोळी घालतं का?

आपण त्याला हसतो. पण पहिल्या सीझनच्या शेवटी सीडीसीमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण केंद्रात, मेंदूचं स्कॅन दाखवून माणूस मेल्यावर काय उठतं ते समजावलं गेलं ते रिकच्या लोकांना, हर्शल कुठे होता तिथे? टीव्ही बंद, रेडिओ बंद, त्याला कोण सांगणार? आमच्याकडे आजोबा गेल्यावर आजीने रेशनकार्डावरचं त्यांचं नाव कमी करू दिलं नाही, दुकानदाराने विचारलं की म्हणायची, असू दे रे, खातंय का काही. आम्ही कुणी आजीला वेडी म्हटलं नाही. हर्शलकडे फक्त कार्डाच्या जागी बार्न होतं.

मग तो प्रसंग. रिकची बायको पोटुशी आहे, राहायला जागा हवीय, म्हणून तो हर्शलच्या अटीवर चिखलात रुतलेले दोन वॉकर आणायला जातो. कुत्री पकडणाऱ्या म्युनिसिपालिटीच्या लोकांकडे टोकाला फास लावलेला दांडा असतो बघा, तसल्या दांड्याने ते वॉकरना चालवत आणतात, आणि रिकचा जुना मित्र शेन, त्याचं डोकं फिरतं. हर्शलच्या हातातल्या वॉकरच्या छातीत तो गोळ्यांवर गोळ्या घालतो, आणि विचारतो की जिवंत माणूस असता तर अजून चालला असता का. मुद्दा बिनतोड आहे हो त्याचा. मग बार्नचं कुलूप फोडतो, आतले एकेक बाहेर यायला लागतात आणि टोळीतले काही जण रांगेत उभे राहून गोळ्या घालतात. टोळीतला ग्लेन मात्र आधी हर्शलच्या मुलीकडे, मॅगीकडे बघतो, तिची मान हलल्यावरच बंदूक उचलतो, हे बघून ठेवा, कारण आत तिचीच माणसं आहेत. हर्शल गुडघ्यावर बसलेला.

गोळ्या थांबतात. सगळं शांत. आणि बार्नमधून अजून एक बारकासा आवाज.

सोफिया. खांद्यापाशी चावल्याची जखम, प्रेतांमधून वाट काढत, उन्हाने डोळे बारीक करत येते. कॅरोल हाक मारत धावते, टोळीतलाच डॅरिल तिला जमिनीवरच धरून ठेवतो. आणि बाकीचे? एक मिनिटापूर्वी याच लोकांनी हर्शलची माणसं मारली, तेव्हा हात थरथरला नव्हता, आता एकाचीही बंदूक वर येत नाही. घसा फोडून ओरडणारा शेन तर पुतळ्यासारखा उभा. ते थोडे क्षण सगळे हर्शल झालेत! आपली पोर बाहेर आली की ती आजारीच वाटते. शेवटी रिक सगळ्यांच्या मधून पुढे जातो, रिव्हॉल्व्हर तिच्या कपाळावर धरतो आणि गोळी घालतो, एपिसोड तिथे संपतो.

एक गोष्ट पटकन निसटते. सोफियाला बार्नमध्ये टाकलं असणार ओटिसने, शेतावर वॉकर पकडायचं काम त्याचं होतं, हर्शलला पत्ताच नव्हता, हे पुढच्या एपिसोडमध्ये कळतं. आणि ओटिसला वॉकरपुढे फेकून कोण पळालेलं? शेन. रोज जंगल पिंजून काढत होते, आणि उत्तर ज्याच्याकडे होतं त्याला यांच्यातल्याच एकाने मारलं होतं.

त्याच पुढच्या एपिसोडमध्ये कॅरोल दफनाला येत नाही. म्हणते ती माझी पोर नाही, माझी सोफिया कधीच मेलीये. म्हणजे बघा, शेन जे हर्शलला ओरडून पटवत होता ते आई अगदी हळू आवाजात बोलते. मग चेरोकी रोझचं, म्हणजे एका रानगुलाबाचं झुडूप, ज्याचं फूल डॅरिलने तिला सोफिया सापडेल या आशेवर आणून दिलं होतं, ते हातांनी ओरबाडून काढते, हात काट्यांनी फाटतात. आणि पंपापाशी तिचे हात पाण्याखाली धरून धुऊन कोण देतं, तर शेन, आणि सांगत राहतो, ती आत आहे हे मला खरंच माहीत नव्हतं.