आठ पेनल्ट्यांच्या आधीचा मोसम

मंडळी, ७ मे १९८६ च्या रात्री स्पेनमधल्या सेव्हिल शहरात युरोपियन चषकाचा अंतिम सामना झाला. स्टेआवा बुखारेस्ट विरुद्ध बार्सिलोना. १२० मिनिटं खेळ झाला आणि एकही गोल झाला नाही. १९५६ पासून या स्पर्धेचे अंतिम सामने होत होते, पण गोलशून्य बरोबरी ही पहिलीच. पुढे पेनल्ट्या झाल्या, त्यात रुमानियाच्या स्टेआवाचा गोलरक्षक हेल्मुट डुकादाम याने बार्सिलोनाच्या चारही पेनल्ट्या अडवल्या आणि चषक पूर्व युरोपात गेला. समाजवादी देशातल्या क्लबाने हा चषक जिंकण्याची ती पहिली वेळ.

या मोसमाबद्दल दोन गोष्टी सर्रास सांगितल्या जातात. एक, अंतिम सामना कंटाळवाणा होता. दोन, स्टेआवा बचाव करत बसला आणि नशिबाने जिंकला. हा सामना मी पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत तीनदा बघितला आहे, आणि या दोन्ही गोष्टी मला पटत नाहीत. आज तेवढंच सांगायला उभा आहे. त्यासाठी मात्र पेनल्ट्यांवरून मागे, सप्टेंबर १९८५ पर्यंत जावं लागेल.

तेव्हाची स्पर्धा आजच्या चॅम्पियन्स लीगसारखी नव्हती. प्रत्येक देशाचा फक्त लीगविजेता संघ खेळायचा, शिवाय आदल्या वर्षीचा विजेता. गट नाहीत, साखळी नाही. पहिल्या फेरीपासून बाद पद्धत: एक सामना आपल्या मैदानावर, एक त्यांच्या, आणि दोन्हींची बेरीज. बेरीज सारखी झाली तर परक्या मैदानावर ज्याचे गोल जास्त तो पुढे. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर बाद फेरीचे सामने बघत मोठ्या झालेल्या तुम्हा लोकांना हे वेगळं सांगायला नको, की अशा स्पर्धेत एका वाईट संध्याकाळी वर्षभराची मेहनत पाण्यात जाते.

आणि हा मोसम सुरू झाला तो सुतकात. २९ मे १९८५ ला ब्रसेल्सच्या हेझेल मैदानावर, लिव्हरपूल आणि युव्हेंटस यांच्या अंतिम सामन्याआधी, प्रेक्षकांत चेंगराचेंगरी होऊन भिंत कोसळली आणि ३९ माणसं गेली. त्यानंतर इंग्लंडच्या सगळ्या क्लबांवर युरोपात बंदी आली. इंग्लंडचा विजेता एव्हर्टन त्या वर्षी ऐन भरात होता, पण त्याला खेळताच आलं नाही. युव्हेंटस गतविजेता म्हणून खेळला. दुसऱ्या फेरीत त्याच्यासमोर आला इटलीचाच व्हेरोना. व्हेरोनाने इटलीची लीग आजवर एकदाच जिंकली, तीही त्याच वर्षी. त्यांचा परतीचा सामना तुरीनमध्ये रिकाम्या मैदानावर झाला, एकही प्रेक्षक न घेता. युव्हेंटस २-० ने जिंकला. व्हेरोनाला ही स्पर्धा पुन्हा कधी खेळायला मिळाली नाही. मला त्या रिकाम्या स्टेडियमबद्दल फार वाईट वाटतं. आयुष्यात एकदा मिळालेली संधी, आणि बघायला कुणी नाही.

आता स्टेआवाकडे येऊ. स्टेआवा म्हणजे रुमानियन भाषेत तारा. हा लष्कराचा क्लब, प्रशिक्षक एमेरिक येनेई. पहिल्या फेरीत डेन्मार्कच्या वेय्लेशी तिथे १-१, घरी ४-१. दुसऱ्या फेरीत हंगेरीच्या होनवेदकडून तिथे ०-१ हार, घरी ४-१. उपांत्यपूर्व फेरीत फिनलंडच्या कूसिसीने बुखारेस्टमध्ये येऊन त्यांना ०-० असं रोखलं. परतीच्या सामन्यात शेवटची काही मिनिटं उरली असताना पित्सुर्काने गोल केला आणि कसेबसे वाचले. उपांत्य फेरीत बेल्जियमच्या अँडरलेख्टकडून तिथे ०-१, घरी ३-०. त्या तीनपैकी दोन गोल पित्सुर्काचे, एक बालिंटचा.

या आकड्यांवर जरा थांबू. आठ सामन्यांत १३ गोल, आणि त्यांतले ११ घरच्या तीन परतीच्या सामन्यांत. दोनदा हा संघ एका गोलाची पिछाडी घेऊन घरी आला आणि दोन्ही वेळा त्याने समोरच्याला अक्षरशः धुऊन काढलं. बचाव करून जगणाऱ्या संघाचे आकडे असे नसतात. हा चेंडू जवळ ठेवणारा, छोट्या पासेसनी पुढे सरकणारा संघ होता. मागे मिओद्राग बेलोदेदिचसारखा, चेंडू घेऊन निवांत वर येणारा बचावपटू. मध्ये लास्लो बोलोनी. पुढे लाकातुश आणि पित्सुर्का. मात्र हेच आकडे दुसरंही सांगतात. परक्या मैदानांवर चार सामन्यांत त्यांचे गोल फक्त दोन होते. आणि अंतिम सामना होता स्पेनमध्ये, स्पेनच्याच संघाशी.

आणखी एक गोष्ट या संघाबद्दल सांगायलाच हवी. येनेई आणि बोलोनी हंगेरियन वंशाचे, बेलोदेदिच सर्ब, डुकादाम पश्चिम रुमानियातल्या जर्मन वस्तीतला. देशाचा हुकूमशहा चाउशेस्कू याची राजवट उठता-बसता रुमानियन राष्ट्राचा गजर करत होती, आणि तिच्याच लष्कराच्या क्लबात निरनिराळ्या मायबोल्यांची माणसं एकमेकांना पास देत होती. होनवेदशी, म्हणजे हंगेरीच्या लष्करी क्लबाशी खेळताना येनेई आणि बोलोनी यांच्या मनात काय चाललं असेल, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

देशाची अवस्था काय होती? परदेशी कर्ज फेडायचा चाउशेस्कूने ध्यास घेतला होता. देशात पिकलेलं अन्न निर्यात होत होतं, आणि लोक ब्रेडसाठी, मांसासाठी रांगेत उभे होते. वीज जायची, हिवाळ्यात घरं गार पडायची. टीव्हीचा कार्यक्रम कामाच्या दिवशी दोन तास, तोही बराचसा नेत्याच्या स्तुतीचा. त्यात २६ एप्रिलला चेर्नोबिलचा स्फोट झाला आणि किरणोत्सारी ढग रुमानियावरही आले. अंतिम सामना त्यानंतर अवघ्या ११ दिवसांनी. परदेशी जायची परवानगी मिळणं दुरापास्त, त्यामुळे सेव्हिलच्या गच्च भरलेल्या मैदानात रुमानियन माणसं मोजकीच होती. बाकी सगळं बार्सिलोनाचं.

बार्सिलोनाने तोवर हा चषक कधीच जिंकला नव्हता. आज ऐकायला विचित्र वाटतं. १९६१ मध्ये बर्नला बेन्फिकाकडून ३-२ ने हरले होते, आणि रियाल माद्रिदकडे तोवर सहा चषक जमा झालेले. टेरी व्हेनेबल्स या इंग्रज प्रशिक्षकाने आदल्या वर्षी ११ वर्षांनंतर लीग जिंकून दिली होती. तेव्हा वायादोलिद संघाशी झालेल्या सामन्यात गोलरक्षक उरुटीने अगदी शेवटी पेनल्टी अडवली आणि विजेतेपद पक्कं झालं. हे नाव लक्षात ठेवा. सेव्हिलमध्ये पेनल्टी अडवण्यात वाकबगार गोलरक्षक कोण, असं त्या रात्री कुणाला विचारलं असतं, तर उत्तर उरुटी असंच आलं असतं.

पण बार्सिलोनाची वाट बघा. स्पार्टा प्रागला २-१ ने हरवून घरी ०-१ हरले. परक्या मैदानावरच्या गोलांनी तरले. पोर्तोला घरी २-० हरवलं, तिकडे ३-१ हरले. पोर्तोच्या झुआरीने तिन्ही गोल मारले, आणि आर्चिबाल्डच्या एका गोलाने पुन्हा बार्सिलोना तरला. युव्हेंटसला घरी १-०, तुरीनमध्ये १-१. मग उपांत्य फेरी. स्वीडनच्या योटेबोरीने तिकडे ३-० असा फडशा पाडला. आशा संपल्यातच जमा होती. परतीच्या सामन्यात पिची अलोन्सो नावाच्या आघाडीवीराने तीन गोल केले, बेरीज ३-३ झाली आणि टायब्रेकरमध्ये बार्सिलोना ५-४ ने जिंकला. पिची अलोन्सो त्या रात्री शहराचा लाडका झाला. चारपैकी तीन फेऱ्यांत ज्यांचा जीव टांगणीला लागला होता, त्यांना अंतिम सामन्यात सगळे एकमुखाने विजेते ठरवून बसले होते.

आता सामना. स्टेआवाचा कर्णधार तुदोरेल स्तोइका निलंबित होता. घर परकं, कर्णधार नाही, प्रेक्षक विरोधी. येनेईने काय केलं? पळापळ केली नाही. त्याच्या माणसांनी चेंडू आपल्याकडे ठेवला. बार्सिलोनाचा जोश वेगात होता, लांब पासेसमध्ये होता. स्टेआवाने तो वेगच काढून घेतला. आडवा पास, मागे पास, पुन्हा आडवा पास. याला लोक कंटाळवाणं म्हणतात. मला विचाराल तर ७०,००० लोकांच्या तोंडावर तासन् तास चेंडू न गमावता ठेवणं याला छाती लागते. पाऊण तास होतो, एक तास होतो, आणि प्रेक्षकांचा आवाज हळूहळू बदलत जातो. आधी उत्साह, मग अधीरता, मग भीती. रेकॉर्डिंगमध्ये हे कानाला जाणवतं. म्हणून म्हणतो, हा सामना आवाज चालू ठेवून बघा.

उत्तरार्धात येनेईने अंगेल योर्डानेस्कुला उतरवलं. क्लबाचा जुना मोठा गोलवीर, पण आता सहायक प्रशिक्षक. तीनच दिवसांपूर्वी ३६ वर्षांचा झालेला. का उतरवलं? कारण त्या क्षणी वेगापेक्षा शांत डोकं हवं होतं. दुसरीकडे व्हेनेबल्सने शेवटच्या टप्प्यात शुस्टरला, म्हणजे मधल्या फळीतल्या सर्वांत हुशार माणसाला बाहेर काढलं. शुस्टर इतका चिडला की सामना संपायची वाट न बघता स्टेडियम सोडून निघून गेला. एका बाकावरून प्रशिक्षकच मैदानात उतरला, दुसऱ्या बाकावरून मोठा खेळाडू निघून गेला. निकाल मला इथेच दिसू लागतो.

जादा वेळ संपला. पेनल्ट्या.

पहिली स्टेआवाची. माझारू. उरुटीने अडवली. मग बार्सिलोनाचा आलेसान्को, कर्णधार. डुकादामने उजवीकडे झेप घेऊन अडवली. बोलोनी आला, उरुटीने त्याचीही अडवली. पेद्राझा आला, डुकादाम पुन्हा उजवीकडे, पुन्हा अडवली. चार पेनल्ट्या आणि शून्य गोल. दोन्ही गोलरक्षक बरोबरीत. मग लाकातुशने आडाखे-बिडाखे बाजूला ठेवून चेंडू सरळ वर हाणला. गोल. त्या संध्याकाळचा पहिला.

आता बार्सिलोनाकडून आला तो पिची अलोन्सो. उपांत्य फेरीत तीन गोल करून ज्याने संघाला सेव्हिलला आणलं, तोच. जादा वेळेत राखीव म्हणून उतरलेला. इथे डुकादामचा हिशेब समजून घ्या. त्याने तो नंतर मुलाखतींमध्ये सांगितला आहे. पहिल्यांदा मी उजवीकडे गेलो, दुसऱ्यांदाही गेलो. तिसऱ्याला वाटणार, हा आता तरी बाजू बदलेल. म्हणजे तो चेंडू त्याच बाजूला मारणार. म्हणून मी तिथेच जाणार. आणि तो गेला, आणि चेंडू तिथेच आला. बालिंटने पुढची पेनल्टी मारून २-० केलं. मग मार्कोस. आता मारणाऱ्याला वाटणार, हा उजवीकडे जाणारा गोलरक्षक आहे. डुकादाम डावीकडे गेला. अडवली.

याला नशीब म्हणता येईल का? एखादी पेनल्टी नशिबाने अडते. लागोपाठ चार अडवायच्या तर समोरच्याच्या डोक्यात शिरावं लागतं. आणि समोरच्याचं डोकं आधीच थकलेलं असावं लागतं. ते थकवायचं काम स्टेआवाच्या दहा जणांनी १२० मिनिटं केलं होतं. माझ्या मते डुकादामच्या चार झेपा त्या आडव्या पासेसवर उभ्या आहेत.

मार्कोसबद्दल एक गोष्ट. त्याचे वडील मार्कितोस रियाल माद्रिदच्या पहिल्या पाच युरोपियन चषकांच्या संघात होते. मुलाची पेनल्टी अडली. नातू, त्याचंही नाव मार्कोस अलोन्सो, २०२१ मध्ये चेल्सीच्या विजेत्या संघात होता. आणि आलेसान्को? १९९२ मध्ये वेम्बलीला कुमनच्या फ्रीकिकवर बार्सिलोना अखेर पहिल्यांदा जिंकला. शेवटची काही मिनिटं राखीव म्हणून उतरलेल्या, ३६ वर्षांच्या आलेसान्कोने तो चषक उचलला. सहा वर्षं त्याने ती पहिली पेनल्टी मनात वागवली असणार.

बेलोदेदिच १९८८ मध्ये देश सोडून युगोस्लाव्हियात गेला आणि १९९१ मध्ये बेलग्रेडच्या रेड स्टारकडून हाच चषक पुन्हा जिंकला, तोही पेनल्ट्यांवर, आणि त्यात स्वतःची पेनल्टी मारून. स्टेआवा १९८९ मध्ये पुन्हा अंतिम सामन्यात पोचला, योर्डानेस्कु तेव्हा मुख्य प्रशिक्षक होता. मिलानने ४-० ने हरवलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात चाउशेस्कू गेला.

डुकादामचं काय झालं? सेव्हिलच्या वेळी तो २७ वर्षांचा होता. अंतिम सामन्यानंतर काही आठवड्यांतच त्याच्या उजव्या हातात रक्ताची गाठ झाली. हात वाचला, पण पहिल्या दर्जाचा खेळ संपला. चाउशेस्कूच्या माणसांनी हात मोडला अशी अफवा वर्षानुवर्षं फिरली. त्याने स्वतः ती नाकारली. फेब्रुवारी १९८७ मध्ये स्टेआवाने हाजीच्या गोलावर युरोपियन सुपर कप जिंकला, तेव्हा गोलमध्ये दुसराच कुणी होता. काही वर्षांनी डुकादाम आराद शहरातल्या खालच्या विभागातल्या एका क्लबाकडून परत खेळला. २ डिसेंबर २०२४ ला तो वारला. ज्या उजव्या बाजूला तो तीनदा झेपावला, गाठ झाली ती त्याच बाजूच्या हातात.

आता दिवे मालवायला सांगतो. पडद्यावर फक्त पेनल्ट्यांचा तुकडा आहे, जेमतेम काही मिनिटांचा. सुरुवात माझारूपासून होईल. डुकादामकडे सगळे बघतातच; तुम्ही जरा मध्यरेषेवर उभ्या असलेल्या त्याच्या दहा जणांकडेही बघा.