डोसचं त्रैराशिक

[दृश्य: नर्सिंग कॉलेजची प्रात्यक्षिकाची खोली. टेबलावर पॅरासिटामॉलच्या तीन बाटल्या, शेजारी बिनसुईची सिरिंज.]

औषध एकच, पॅरासिटामॉल. बाटल्या तीन. पहिलीवर लिहिलंय, ५ मिलीमध्ये १२० मिलिग्रॅम. दुसरीवर, ५ मिलीमध्ये २५०. तिसरी ड्रॉपरवाली, दिसायला सगळ्यांत लहान आणि ताकदीला सगळ्यांत जास्त: १ मिलीतच १०० मिलिग्रॅम.

केस पेपरवर डॉक्टरांनी लिहिलंय: मुलाचं वजन १० किलो, ताप, पॅरासिटामॉल १५० मिलिग्रॅम. पहिल्या बाटलीतून हे होतात ६.२५ मिली, दुसरीतून ३ मिली, तिसरीतून दीड. कुणी 'सव्वासहा मिली' एवढंच डोक्यात ठेवलं आणि हाताला ड्रॉपरवाली बाटली लागली, तर मुलाच्या पोटात जातात ६२५ मिलिग्रॅम. सांगितलेल्या डोसच्या चौपटीहूनही जास्त.

खोलीत बसलेल्या मुलींपैकी काही जणी बारावी कला शाखेतून जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेला, आल्यात. गणिताला त्यांनी दहावीतच रामराम ठोकला होता. आता औषधशास्त्राच्या तासाला ते पुन्हा समोर येऊन बसलंय.

भिंतीवर तक्ता आहे: हवा असलेला डोस, भागिले जवळ असलेला डोस, गुणिले मिली. सूत्र बरोबरच आहे. पण पाठ केलेल्या सूत्रात वरचा आकडा खाली गेला, तरी उत्तर येतंच आणि ते चुकलंय हे कळत नाही. त्यापेक्षा शाळेतलं त्रैराशिक बोलून मांडावं. २५० मिलिग्रॅम असतात ५ मिलीत, तर १५० मिलिग्रॅम किती मिलीत? वाक्य तोंडाने म्हटलं की आकड्याला त्याचं एकक चिकटून राहतं, आणि उत्तर पाचापेक्षा कमीच यायला हवं हे गुणाकाराआधीच कळतं. काही शिक्षिका सूत्राच्या बाजूच्या, काही त्रैराशिकाच्या. आम्ही उघडपणे त्रैराशिकाच्या बाजूचे.

गणित तसं सोपंच. अवघड असतं ते गणितात घालायचे आकडे शोधणं. परीक्षेच्या पेपरात लागणारे तीनच आकडे दिलेले असतात. वॉर्डातल्या व्हायलवर बॅच नंबर, मुदत, एकूण मिली, दर मिलीची ताकद, टक्केवारी, किंमत, सगळं बारीक अक्षरात एकत्र छापलेलं असतं. त्यातले नेमके कुठले उचलायचे?

[दृश्य: पावडरची व्हायल. रबरी बुचातून सुई आत जाते, पाणी सुटतं, व्हायल तळव्यांत फिरते.]

सेफ्ट्रियाक्सोन या प्रतिजैविकाची १ ग्रॅमची व्हायल. आत कोरडी पावडर. १० मिली डिस्टिल्ड वॉटर घातलं की साधारण दर मिलीला १०० मिलिग्रॅम. १२ किलोच्या मुलाला किलोमागे ५० सांगितले असतील, तर ६०० मिलिग्रॅम, म्हणजे ६ मिली. यातला 'साधारण' महत्त्वाचा. पावडरही थोडी जागा अडवते. मोठ्या माणसाला अख्खी व्हायल द्यायची तर तेवढ्याने बिघडत नाही, पण तान्ह्या बाळासाठी एखादा मिली काढायचा असेल तर फरक पडतो. म्हणून किती पाणी घातल्यावर दर मिलीला किती औषध होतं, ते खोक्यातल्या घडीच्या कागदावरून वाचायचं. तो कागद बहुधा सगळ्यांत आधी कचऱ्यात गेलेला असतो.

आता इन्सुलिन. इथे जरा थांबू, कारण हा घोळ खास आपल्याकडचा आहे.

भारतात इन्सुलिनच्या नेहमीच्या व्हायलमध्ये १ मिलीला ४० युनिट असतात. इन्सुलिन टोचायच्या पेनात बसणाऱ्या काडतुसात १ मिलीला १००. बाजारात १०० ताकदीच्या व्हायलही मिळतात. सिरिंजही दोन जातींच्या: ४० वाली, लाल टोपणाची, १०० वाली, केशरी टोपणाची. आखलेल्या रेघा असतात युनिटच्या, मिलीच्या नव्हे, आणि ती प्रत्येक रेघ फक्त आपल्या जातीच्या इन्सुलिनसाठी खरी असते.

समजा १० युनिट द्यायचेत. १०० ताकदीचं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १० च्या रेघेपर्यंत ओढलं. ती रेघ म्हणजे पाव मिली. पाव मिलीत १०० वाल्याचे किती? २५ युनिट. रुग्णाची साखर धाडकन खाली येणार. आता उलटं करू. ४० ताकदीचं इन्सुलिन केशरी सिरिंजमध्ये १० पर्यंत घेतलं, तर फक्त ४ युनिट गेले. साखर चढलेलीच राहते, डॉक्टर डोस वाढवत नेतात, आणि एखाद्या दिवशी कुणी योग्य सिरिंज वापरली की तोच वाढवलेला डोस अंगावर येतो. दोन्हीकडे फरक अडीचपटीचा. जुन्या शाळांत पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी पाठ करून घेत. ती अडीचकी इथे कामाला आली असती.

मुलाकडे अमेरिकेत राहून आलेले आजोबा तिकडचं इन्सुलिन बॅगेत घेऊन येतात, तेव्हाही हेच. तिकडे सर्रास १०० चं चालतं. आजोबा सांगतात, "सिस्टर, मी रोज वीस घेतो." वीस युनिट म्हणजे वीसच, पण इथल्या लाल टोपणाने ते मोजायचे नाहीत. आणि पेनाचं काडतूस हाताशी आहे म्हणून त्यातून सिरिंजने इन्सुलिन ओढायचं नाही, हे पहिल्या पोस्टिंगलाच कानीकपाळी ओरडून सांगतात.

[दृश्य: सलाईनची बाटली, खाली ठिबकणारा कक्ष. मनगटावरचं सेकंदकाट्याचं घड्याळ.]

सलाईनचा हिशेब त्यामानाने सरळ. आयव्ही सेटच्या पाकिटावरच छापलेलं असतं, किती थेंबांचा १ मिली. नेहमीचा सेट २० थेंबांचा. वॉर्डाच्या भाषेत 'एक पिंट', म्हणजे ५०० मिली, आठ तासांत द्यायचं. ५०० गुणिले २०, दहा हजार थेंब. आठ तासांची ४८० मिनिटं. मिनिटाला जवळपास २१ थेंब. घड्याळ कक्षाशेजारी धरायचं, पंधरा सेकंदांत पाच थेंब पडले की जवळपास जमलं. मग पूर्ण मिनिट मोजून नळीवरचा रोलर हलकेच फिरवायचा. पुढच्या वेळी पाकीट १५ थेंबांच्या सेटचं निघालं तर हेच उत्तर १६ वर येतं. मुलांच्या वॉर्डातला मायक्रो सेट ६० थेंबांचा. तिथे तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब. साठ थेंब आणि साठ मिनिटं एकमेकांना खाऊन टाकतात.

गणिताने २१ थेंब लावून सिस्टर पुढच्या खाटेकडे गेल्या की रुग्ण हात दुमडतो, थेंब मंदावतात. नातेवाईक उठून रोलर सोडतात, "लवकर संपली म्हणजे डबा यायच्या आत सुट्टी होईल." तासाभराने बाटली पाहावी तर अर्धी. म्हणून विद्यार्थिनीला सांगतात, एकदा मोजून भागत नाही. बाटलीला पट्टी चिकटव, दर तासाची रेघ मार. पातळी रेघेच्या खाली गेली की लांबूनच कळतं.

पाठ्यपुस्तकात अजून यंगचं सूत्र आहे. मुलाचं वय, भागिले वय अधिक बारा, गुणिले मोठ्यांचा डोस. चार वर्षांच्या मुलाला चार भागिले सोळा, म्हणजे मोठ्यांचा पाव. ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलचा पाव, १२५. आता त्याच मुलाचं वजन धरा. वय दुप्पट करून आठ मिळवायचे, हा बालरोगातला ढोबळ अंदाज: १६ किलो. किलोमागे १५ मिलिग्रॅमने २४०. यंगच्या उत्तराच्या जवळजवळ दुप्पट. मुलांचा डोस आता वजनावरच काढतात. यंगचं सूत्र पेपरात विचारतात म्हणून शिकायचं, खाटेजवळ वापरायचं नाही. पुस्तकात ते किती वर्षं राहणार आहे, कुणास ठाऊक.

जुन्या मापांनी मागे ठेवलेल्या खुणा तशा गोळ्यांवरही आहेत. ३२५ मिलिग्रॅम हा अवघडलेला आकडा कुठून आला? पूर्वी औषध ग्रेनमध्ये मोजत. एक ग्रेन साधारण ६५ मिलिग्रॅम. पाच ग्रेन, ३२५. ग्रेन गेले, गोळी तेवढीच राहिली.

वजनावर डोस काढायचा तर वजन खरं हवं. काट्यावर घेतलेलं, किलोत लिहिलेलं. वॉर्डात आकडे इंग्रजी, आईच्या हातातल्या चिठ्ठीवर कधी मराठी. देवनागरीतला घाईत लिहिलेला १ इंग्रजी नऊसारखा दिसतो. दीड किलोच्या बाळासाठी ही नुसती गंमत राहत नाही. शून्याचंही तसंच. अर्धा मिलिग्रॅम लिहायचा तर टिंबाआधी शून्य हवंच: ०.५. ते गाळलं आणि टिंब पुसट उमटलं की पाच होतात. पूर्ण पाच लिहायचे तर पुढे टिंब-शून्य नको, नाहीतर पन्नास. युनिटसाठी इंग्रजी 'यू' एवढंच लिहिलं तर तो शून्यासारखा वाचला जातो, म्हणून 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहायचा.

२००७ साली लॉस एंजेलिसमध्ये अभिनेता डेनिस क्वेडच्या नवजात जुळ्यांना हेपारिन हे रक्त गोठू न देणारं औषध देताना मिलीला १० युनिटच्या कुपीऐवजी १०,००० युनिटची कुपी वापरली गेली. हजारपट. दोन्ही कुप्यांची लेबलं निळसर होती. बाळं वाचली. हिशेबात काहीच चुकलं नव्हतं, कारण तिथे हिशेब करायची वेळच आली नव्हती.

[दृश्य: प्रसूतिकक्ष. ट्रेमध्ये मॅग्नेशियम सल्फेटच्या अँप्युल रांगेत.]

प्रसूतिकक्षात गरोदर बाईला झटके आले की हात थरथरत असतानाच गणित करावं लागतं. मॅग्नेशियम सल्फेट, ५० टक्के, २ मिलीची अँप्युल. ५० टक्के म्हणजे १०० मिलीत ५० ग्रॅम, म्हणजे १ मिलीत अर्धा ग्रॅम, म्हणजे एका अँप्युलमध्ये १ ग्रॅम. ही साखळी एकदा पक्की बसली की पुढचं आपोआप येतं. शिरेतून ४ ग्रॅम द्यायचं, तेही २० टक्के करून. चार अँप्युल, ८ मिली. त्यात १२ मिली सलाईन, एकूण २०. इथे मुली हमखास १२ च्या जागी २० मिली घालतात, कारण डोक्यात २० बसलेला असतो. मग सिरिंज पुरत नाही आणि गोंधळ उडतो. ते हळूहळू द्यायचं, किमान पाच मिनिटं. लगोलग दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम, हे मात्र पातळ न करता, प्रत्येकी १० मिली. एकंदर चौदा अँप्युल फुटतात.

चार तासांनी पुढचे ५ ग्रॅम. पण ते देण्याआधी गुडघ्याखाली हातोडी मारून पाहायची, पाय उडतो का. श्वास मिनिटाला १६ तरी हवेत. लघवी तासाला ३० मिली तरी हवी, कारण मॅग्नेशियम मूत्रपिंडातूनच बाहेर पडतं. यातलं एक जरी नसलं तर डोस थांबवून डॉक्टरांना बोलवायचं, मग वहीतला हिशेब कितीही बरोबर असो. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट, १० टक्के, १० मिली, त्याच ट्रेमध्ये आधीपासून ठेवलेलं असतं.

[दृश्य: अतिदक्षता विभाग. सिरिंज पंपाचा पडदा.]

शेवटचा हिशेब पंपाचा. ६० किलोचा रुग्ण, रक्तदाब टिकवणारं डोपामीन, किलोमागे मिनिटाला ५ मायक्रोग्रॅम. साठ पंचे तीनशे मायक्रोग्रॅम मिनिटाला, तासाला १८ मिलिग्रॅम. २०० मिलिग्रॅमची एक अँप्युल ५० मिलीत, म्हणजे मिलीला ४. अठरा भागिले चार, साडेचार मिली तासाला.

अशा औषधांचा हिशेब दोघींनी वेगवेगळा करायचा असतो. पहिलीने उत्तर सांगायचं नाही, दुसरीने विचारायचं नाही. उत्तर आधी कळलं की दुसरी त्याच उत्तराकडे जाणारी वाट शोधते, आणि मग ती तपासणी राहत नाही.

"मॅडम, माझं साडेचार आलं."

"माझं सव्वादोन. परत कर बघू."

विद्यार्थिनीने परत केलं. परत साडेचारच.

"सिरिंजवरची पट्टी वाचलीस का गं?"

पट्टीवर लिहिलं होतं: डोपामीन ४०० मिलिग्रॅम, ५० मिली. रात्रपाळीच्या सिस्टरांनी दोन अँप्युल घालून भरली होती, रुग्णाला पाणी कमी जावं म्हणून. मिलीला चार नाही, आठ. पुस्तकातलं उदाहरण एका अँप्युलचं होतं आणि तिने तेच धरलं होतं. साडेचारवर पंप सुरू झाला असता तर ५ च्या जागी १० मायक्रोग्रॅम गेले असते.

पंप एकाच दशांशापर्यंतचा आकडा घेत होता. २.२ ठेवायचं की २.३, हे विचारायला ती डॉक्टरांकडे गेली.