आधी तोंड मोजा, मग स्पीकर

मंडळी, मघाशी चहा घेताना एकाने विचारलं, "सर, एका बेसच्या खोक्यात दोन पंधरा इंची घातले तर आवाज डबल होतलो ना?" होवचो नाय. साध्या बॉक्सात दोन स्पीकर शेजारीशेजारी लावून पॉवरही दुप्पट दिली, तर ६ डेसिबल वाढतात. त्यातले ३ पॉवरचे आणि ३ दोघांनी एकाच हवेला मिळून ढकलल्याचे. कानाला 'डबल' वाटायला साधारण १० लागतात. हॉर्नमध्ये, म्हणजे स्पीकरपुढे अरुंद गळ्यापासून मोठ्या तोंडापर्यंत कर्ण्यासारखी रुंदावत जाणारी वाट असलेल्या बॉक्समध्ये, तर ते जोडीचे ३ सुद्धा पुरते मिळत नाहीत. ती मिळकत हॉर्नने आधीच खिशात घातलेली असते.

साध्या बॉक्समधला बेस शंभर वॅटमधले दोन-चार वॅट आवाजात घालतो, बाकीचे स्पीकरच्या आतली तारेची कॉइल तापवण्यात जातात. कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) जड आणि हवा हलकी, त्यामुळे हवेवर त्याची पकडच बसत नाही. हॉर्नच्या अरुंद गळ्यात हवेला पळायला जागा नसते, म्हणून कोनला ढकलायला काहीतरी सापडतं. चांगला हॉर्न वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत जातो. मात्र हे त्याचं तोंड पुरेसं मोठं असेल तरच, आणि आपल्याकडे सगळी चोरी होते ती तिथेच.

हिशोब करू. आपल्या उकाड्यात आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो. ४० हर्ट्झपर्यंतचा खोल बेस हवा असेल तर त्याची लाट झाली पावणेनऊ मीटर. तोंडाचा घेर निदान एका लाटेएवढा हवा, म्हणजे व्यास पावणेतीन मीटरच्या वर आणि क्षेत्रफळ सहा चौरस मीटर. ऐकूनच टेम्पोवाला पळेल. पण हे झालं हवेत टांगलेल्या हॉर्नचं. जमिनीवर ठेवलात की निम्म्यात भागतं, म्हणजे तीन चौरस मीटर, आठ बाय चार फुटांची प्लायची एक पूर्ण शीट. मागे देवळाची जांभ्याची भिंत असेल तर अर्धी शीट. आणि दोन भिंतींच्या कोपऱ्यात घातलात तर पाव, चार बाय दोन फूट. अमेरिकेत पॉल क्लिप्श यांनी १९४० च्या दशकात हेच केलं: घराच्या कोपऱ्याच्या भिंतीच हॉर्न म्हणून वापरल्या.

आता शिमग्याला पालखीपुढे मोकळ्या मैदानात कोपरा कुठून आणणार? म्हणून चार बाय दोन तोंडाचे चार बॉक्स एकाला एक चिकटवून जमिनीवर ठेवायचे. चार तोंडांची मिळून एक शीट होते. दोन स्टेजच्या डावीकडे, दोन उजवीकडे असं वाटून टाकलंत की हिशोब मोडला. दिसायला छान दिसतं, एवढंच.

स्पीकरची गोष्ट यानंतर येते. एका पंधरा इंचीच्या कोनचं क्षेत्रफळ साधारण ८५० चौरस सेंटिमीटर, दोघांचं १७००. गळा त्याच्या निम्मा धरू, ८५०. ४० हर्ट्झला कापणाऱ्या (त्याखाली साथ सोडणाऱ्या) एक्स्पोनेन्शियल हॉर्नचं क्षेत्रफळ दर ४८ सेंटिमीटरला दुप्पट होतं: ८५०, १७००, ३४००, ६८००. अजून थोडं गेलं की चार बाय दोनचं तोंड आलं. लांबी झाली दीड मीटर, ती घडी घालून बॉक्सात बसते. एकच पंधरा घेतलात तर गळा निम्मा होईल आणि त्याच तोंडाला पोचायला अजून ४८ सेंटिमीटर लागतील. जोडीने आवाज डबल होत नाही, पण बॉक्स आखूड होतो आणि प्रत्येक कोन निम्मा हलतो.

जोडी बसवायची गळ्याच्या समोरासमोरच्या दोन भिंतींवर. दोन्ही कोन एकाच वेळी आत येतात, त्यांचे धक्के एकमेकांना मारतात आणि बॉक्स थरथरत नाही. त्यातला एक उलटा बसवा, चुंबक गळ्याच्या बाजूला, आणि त्याच्या वायरीही उलट्या करा. कोन बाहेर जाताना आणि आत येताना सारखा वागत नाही. एक सुलटा, एक उलटा असला की दोघांचा हा तिरकेपणा एकमेकांविरुद्ध जातो आणि दुसरा हार्मोनिक (मूळ सुराच्या दुप्पट हर्ट्झचा नकोसा सूर) बराच पडतो. चुंबकाने गळ्यात अडवलेली जागा मात्र मोजून भरून काढा.

झाकण लावण्याआधी पेन्सिल सेल वायरींना टेकवून बघा. दोन्ही कोन गळ्याकडेच सरकले पाहिजेत. एक आत, एक बाहेर गेला तर हवा नुसती या कोनकडून त्या कोनकडे जाईल. अ‍ॅम्पचे दिवे लागतील, बेस ऐकू येणार नाही. आणि मागची पेटी प्रत्येकाची वेगळी आणि हवाबंद ठेवा. एकाची कॉइल जळाली तर दुसरा त्याचा मेलेला कोन ढकलत बसतो. मागे छोटी बंद पेटी असली की तो मेलेला कोन निदान फार हलत नाही.

लाकडाबद्दल थोडक्यात सांगतो. एमडीएफ (भुसा दाबून केलेला बोर्ड) आपल्याकडे एका पावसात फुगतो. आयएस ७१० या भारतीय मानकाची मरीन प्लाय आणि स्टेनलेसचे स्क्रू वापरा.

माझं विचाराल तर दशावताराला ४० चा हट्ट कशाला? पखवाजाला ६० ला कापलेला हॉर्न भरपूर झाला, आणि तोंड सव्वादोन पटीने लहान होतं. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, पण ती मोजायचा ए-वेटिंगचा (कानासारखे खालचे सूर कमी धरणारा) मीटर ४० हर्ट्झला ३५ डेसिबल कमी दाखवतो. मीटर गप्प, आणि शेजाऱ्याची कौलं वाजतायत, असं होतं.

शेवटी प्रोसेसरवरच्या (अ‍ॅम्पच्या आधी आवाज वाटून देणाऱ्या यंत्रावरच्या) दोन गोष्टी. हॉर्न कापतो त्याच्या खाली कोनला धरून ठेवणारं काही उरत नाही, तो सैरभैर उड्या मारतो. तिथे लो-कट (खालचे सूर अडवणारा फिल्टर) लावाच. आणि दीड मीटरच्या घडीतून यायला बेसला सव्वाचार मिलिसेकंद जास्त लागतात, तेवढा डिले (उशीर) टॉपना, म्हणजे वरच्या सुरांच्या स्पीकरना, द्या, नाहीतर ढोलाची थाप फाटून येते.